वयाचे टप्पे आणि आपली आत्मचरित्रे

कोणत्याही सरकारी अर्जावर नावाच्या खालोखाल विचारली जाणारी बाब म्हणजे वय. आमचे उभे आयुष्य असे अर्ज तपासण्यात गेले. शाळाप्रवेश, मतदारयादी, नोकरी, पदोन्नती, सेवानिवृत्ती, निवृत्तिवेतन आणि सरतेशेवटी मृत्यूची नोंद, असे माणसाचे अवघे जीवित शासनदरबारी जन्मतारखेच्या एकाच खुंटीला टांगलेले असते. त्यामुळे वय ही माणसाविषयीची सर्वांत निश्चित माहिती होय, असा आमचा दीर्घकाळ समज होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमानुसार घरी बसल्यावर सवड मिळाली, वाचन वाढले आणि हा समज डळमळू लागला. तो कसा डळमळला, हे सांगणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

निमित्त घरातलेच झाले. आमची पुतणी येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानवी विकास हा विषय शिकते. ज्या शाखेला आमची पिढी अजूनही ‘गृहविज्ञान’ म्हणूनच ओळखते, तेथे हा विषय पूर्वी ‘बालविकास’ या नावाने शिकविला जात असे. आता त्याची कक्षा गर्भावस्थेपासून मृत्यूपर्यंत विस्तारली आहे. तिची पुस्तके चाळताना आमच्या मनात प्रश्न आला, की जीवनक्रमाविषयीच्या या संकल्पना आपल्या मराठी आत्मचरित्रांना लावून पाहिल्या तर काय दिसेल? त्यांनी ग्रंथ अधिक उलगडतील, की ग्रंथांपुढे त्या संकल्पनाच तोकड्या पडतील? म्हणून रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून चार भाग) हे तीन ग्रंथ आम्ही पुन्हा वाचले. जोडीला बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ही घेतले. बडोदे काय, इंदूर काय किंवा ग्वाल्हेर काय, आपल्या जुन्या घरांच्या फडताळांत यांपैकी एखादे तरी पुस्तक हमखास सापडते.

प्रथम शास्त्राची बाजू मांडू. या विषयात सर्वाधिक परिचित नाव एरिक एरिकसन यांचे. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मानवी आयुष्याचे आठ टप्पे कल्पिले. प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच उभा राहतो. तान्ह्या मुलापुढे जगावर विश्वास ठेवावा की नाही हा, किशोरापुढे ‘मी कोण’ हा, प्रौढापुढे पुढच्या पिढीसाठी काही करावे की स्वतःतच साचून राहावे हा, आणि वृद्धापुढे झाले ते आयुष्य स्वीकारावे की त्याबद्दल हळहळत बसावे हा. फ्रॉइड यांनी माणसाचे घडणे बहुतांशी बालपणातच संपविले होते. एरिकसन यांनी ते मरणापर्यंत नेले, हे त्यांचे मोठेपण होय. त्यांचा आपल्या परिसराशीही संबंध आला. १९६२ साली जीवनक्रमावरील एका चर्चासत्रासाठी ते अहमदाबादेस आले. तेथे १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाच्या आठवणी त्यांच्या कानी पडल्या, आणि त्यांतून महात्मा गांधींवरील त्यांचा ग्रंथ १९६९ साली सिद्ध झाला. एका माणसाच्या चरित्रातील मध्यवयाचा टप्पा निवडून त्यावर आपली संकल्पना घासून पाहण्याचा तो प्रयत्न होता. आम्ही येथे अल्पमतीने जे करू पाहतो आहोत, त्याचा वस्तुपाठ असा घराजवळच घातला गेला आहे.

या आठ टप्प्यांशेजारी आपल्याकडील चार आश्रम ठेवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास या क्रमात प्रौढपण व वार्धक्य यांना स्वतःचे कर्तव्य आणि स्वतःची प्रतिष्ठा आहे, ही त्याची जमेची बाजू. सुधीर कक्कर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही तुलना साक्षेपाने केली आहे. तथापि अभिमानाच्या भरात दोन गोष्टी विसरता कामा नयेत. आश्रमव्यवस्था हे आयुष्य कसे असावे याचे विधान आहे, ते कसे असते याचे वर्णन नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की ती त्रैवर्णिक पुरुषाची वाट आहे. तीत स्त्रीला स्वतंत्र टप्पे नाहीत. उपनयनापूर्वीच्या बाळालाही तीत फारसे स्थान नाही, आणि वानप्रस्थात जाणाऱ्याची पत्नी त्याच्या सोबतीस तरी जाते वा मुलांच्या हवाली तरी होते. म्हणजे आमच्या चार ग्रंथांपैकी तीन ग्रंथांच्या लेखिका या शिडीवर पाय ठेवण्यापूर्वीच बाहेर पडतात.

त्या एरिकसन यांच्या शिडीवर तरी चढतात काय? रमाबाईंचा विवाह १८७३ साली अकराव्या वर्षी झाला. लक्ष्मीबाईंचाही विवाह साधारण त्याच वयात, १८८० साली झाला. बाया कर्वे बालविधवा होत्या. एरिकसन यांच्या पाचव्या टप्प्यातील मुलगा घराबाहेर पडतो, निरनिराळ्या भूमिका अंगाला लावून पाहतो आणि अखेरीस ‘मी अमुक’ असे ठरवितो. या मुलींना तो अवकाशच मिळाला नाही. परकर सोडून लुगडे नेसले, की त्या कोण हे ठरलेले असे. किशोरावस्था ही निसर्गाची देणगी असली, तरी ती उपभोगण्यास सवड देणे समाजाच्या हाती असते. आपल्या बडोदे संस्थानाने १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक निबंध केला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू करून १९०६ साली तो राज्यभर लागू केला. हे कायदे शिक्षणाच्या व समाजसुधारणेच्या इतिहासात नोंदले जातात, ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी मुलाच्या आयुष्यात एक नवा टप्पा निर्माण करण्यास हातभार लावला. शाळेत जाणारे, अजून संसारात न पडलेले मूल ही वस्तू काही अंशी राजपत्रातून जन्माला आली.

येथे एक संकल्पना फार उपयोगी पडते. बर्निस न्यूगार्टन या अमेरिकन विदुषींनी १९६० च्या दशकात ‘सामाजिक घड्याळ’ अशी कल्पना मांडली. शरीराचे घड्याळ वेगळे आणि समाजाचे वेगळे. कोणत्या वयात शिकावे, लग्न करावे, मूल व्हावे, बाजूला सरावे, याच्या वेळा समाज ठरवितो, आणि आपण वेळेवर आहोत की मागे पडलो, हे प्रत्येकजण मनातल्या मनात पाहत असतो. ‘घोडनवरी’ हा आपल्याकडील जुना कठोर शब्द किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण म्हणजे याच घड्याळाचे टोले होत.

अण्णासाहेब कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ या दृष्टीने वाचावे. १८७५ साली मुरुडहून साताऱ्यास, भर पावसात, कुंभार्ली घाटाने, कित्येक कोस पायपीट करून एक मुलगा मराठी शाळेच्या अखेरच्या परीक्षेस जातो. परीक्षेस सतरा वर्षे पूर्ण असावी लागत, आणि ती त्याला पूर्ण होती. परंतु अंगकाठी किरकोळ. तो सतरा वर्षांचा दिसत नाही, असे परीक्षासमितीने ठरविले आणि त्याला परत पाठविले. हा प्रसंग शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून आपण जिद्दीचे उदाहरण म्हणून वाचला. आज वाचताना आमचे लक्ष त्या मुलाकडे जात नाही, ते मेजापलीकडच्या समितीकडे जाते. त्या सज्जनांनी नियम मोडला नाही. त्यांनी फक्त कागदापेक्षा आपल्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवला. वय मोजता येते, परंतु ‘वयाचे दिसणे’ हे पाहणाराच्या डोक्यात असते, हा धडा त्या प्रसंगात आहे. तो आम्हांस फार उशिरा उमगला. त्याविषयी शेवटी लिहू.

पुढे कर्व्यांचे सारेच आयुष्य सामाजिक घड्याळाच्या मागे तरी राहिले किंवा पुढे तरी धावले. पहिला विवाह मुलगेपणीच झाला, मॅट्रिक मात्र विशी ओलांडल्यावर, आणि पदवी १८८४ साली सव्विसाव्या वर्षी. प्रथमपत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांचा बहिष्कार ओढवून घेतला. १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून ते निवृत्त झाले. आणि १९१६ च्या जूनमध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांना अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ज्या वयात आम्ही पुष्पगुच्छ व नारळ घेऊन घरी आलो, त्या वयात या गृहस्थांनी विद्यापीठ काढले! सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात त्यांनी जगप्रवास केला, आणि १९४४ साली, शहाऐंशीच्या वर्षी, समता संघ स्थापिला. १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

एरिकसन यांच्या सातव्या टप्प्याचे, म्हणजे पुढच्या पिढीसाठी काही उभे करण्याच्या वृत्तीचे, याहून सुरेख उदाहरण शोधून सापडणार नाही. या वृत्तीला एरिकसन यांनी ‘जनरेटिव्हिटी’ असा शब्द योजला. मराठीत त्याचे ‘उत्पादकता’ असे भाषांतर वाचनात येते, ते आम्हांस मुळीच रुचत नाही. उत्पादकता गिरणीची मोजतात. येथे अभिप्रेत आहे ते आपण लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्यांस मिळावी, ही ओढ. आपल्या भाषेत ‘संगोपन’ हा शब्द आहे. त्यात जन्म देण्याहून सांभाळण्यावर भर आहे. तोच येथे शोभेल. पारिभाषिक शब्द बनविणारांनी कोशाइतकेच माजघरातही डोकावावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

परंतु उदाहरण चपखल बसले म्हणजे संकल्पना पुरी पडली असे नव्हे. ‘आत्मवृत्ता’तील कर्व्यांचे संगोपन वाचून झाल्यावर बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ उघडावे. बाया या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. एका बाजूस संस्थेसाठी सर्वस्व देणारा पती आणि दुसऱ्या बाजूस त्या देण्याने रिकाम्या झालेल्या घरात संसाराची ओढाताण करणारी पत्नी, असे चित्र या दोन पुस्तकांतून मिळून तयार होते. एकाच्या सातव्या टप्प्याचा खर्च दुसरीच्या खात्यातून झाला, हे आठ टप्प्यांच्या तक्त्यात कोठे नोंदवायचे? तेथे प्रत्येक माणूस एकटाच जिना चढत असतो.

ही उणीव पुढे ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने ओळखली. अमेरिकेतील १९३० च्या दशकातील महामंदीत वाढलेल्या मुलांचा त्याने अनेक वर्षे मागोवा घेतला आणि १९७४ साली ग्रंथरूपाने तो मांडला. एकच आपत्ती कोणत्या वयात गाठते यावर तिचे परिणाम अवलंबून असतात, आणि कोणाचेही आयुष्य एकट्याचे नसते, ती एकमेकांत गुंतलेली असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. ‘गुंतलेली आयुष्ये’ ही संकल्पना मराठी वाचकास नवी वाटू नये. ती रमाबाई रानड्यांच्या पुस्तकाच्या नावातच आहे. बाईंनी ‘माझ्या आयुष्यातील’ असे लिहिले नाही, ‘आमच्या आयुष्यातील’ असे लिहिले. या ‘आमच्या’ शब्दाकडे आजवर पतिनिष्ठेची खूण म्हणून पाहिले गेले. कोणी त्यात स्त्रीचे स्वत्वविसर्जनही पाहिले. दोन्ही मते अर्धी खरी आहेत. माधवराव रानडे यांना विधवाविवाह करावयाचा होता. वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून एकतीस वर्षांच्या त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, आणि लगोलग तिला शिकविण्यास आरंभ केला. घरातील बायकांनी त्या शिकण्यापायी तिला छळले. म्हणजे पतीच्या मनातील एक अपुरा संकल्प, सासऱ्यांचा हट्ट, सासरच्या बायकांचा रोष आणि एका मुलीची अक्षरओळख, हे सारे धागे एका वेणीत गुंफले आहेत. त्यांतून एकच धागा ओढून ‘हा रमाबाईंचा विकास’ असे म्हणता येणार नाही. येथे ‘आमच्या’ हा शब्द विनय म्हणून आलेला नाही, ते वस्तुस्थितीचे वर्णन आहे. १९०१ साली रानडे वारल्यानंतर सेवासदनाचे कार्य उभे करणाऱ्या रमाबाई याच वेणीतून आल्या.

आता ‘स्मृतिचित्रे’. हा ग्रंथ आम्ही विद्यार्थिदशेत हसत हसत वाचला होता, आणि आता पुन्हा हसत वाचला. मात्र हसण्याच्या जागा बदलल्या आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई पतीकडून अक्षरे शिकल्या. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईने तिशी उलटल्यावर शिवाशिवीची कल्पना मनातून उपटून काढणे, ही ज्याला शास्त्रज्ञ ‘घडणक्षमता’ म्हणतात तिचीच साक्ष होय. बालपणी पडलेले वळण सुंभ जळला तरी जात नाही, असे आपण समजतो. लक्ष्मीबाईंनी ते पीळ हाताने उकलले, आणि उकलताना स्वतःलाच हसल्या. १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांनी मागे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे महाकाव्य पुरे करण्याचे काम हाती घेतले. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती. १९३६ साली त्या वारल्या. मराठी गद्यातील एक श्रेष्ठ कृती अशी आयुष्याच्या अखेरच्या वळणावर, ज्या वयाला आपण उतारवय म्हणतो त्या वयात, बाहेर आली.

उतारवय हा शब्दच येथे तपासला पाहिजे. पाऊल बाल्यात चढते, तारुण्यात माथ्यावर पोहोचते आणि मग उतरू लागते, असा टेकडीचा आराखडा आपल्या डोक्यात पक्का आहे. पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात या आराखड्यावर नेमके बोट ठेवले. विकास जन्मभर चालतो. तो एकाच दिशेने जात नाही, आणि प्रत्येक वयात मिळकत व तूट दोन्ही बरोबरच असतात, असे तो सांगतो. मूल बोलावयास शिकते तेव्हा एका भाषेचे ध्वनी ते कमावते आणि इतर भाषांतील ध्वनिभेद ओळखण्याची त्याची शक्ती ओसरू लागते. म्हणजे तूट म्हातारपणी सुरू होते असे नाही, आणि मिळकत तारुण्यात संपते असेही नाही. वय वाढेल तसे पारडे तुटीकडे झुकते, हे बाल्टेस नाकारत नाही. तो इतकेच सांगतो, की शहाणा माणूस झुकत्या पारड्यातही व्यवस्था लावतो. त्याचे आवडते उदाहरण आर्थर रुबिनस्टाईन या पियानोवादकाचे होते. उतारवयात त्याने थोड्याच रचना निवडल्या, त्यांचाच अधिक सराव केला, आणि बोटांचा वेग कमी झाल्यामुळे द्रुत भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजविला, जेणेकरून पुढचा भाग द्रुत भासावा. निवड, सराव आणि भरपाई अशी ही त्रिसूत्री आहे.

खुद्द एरिकसन दांपत्याची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. एरिक एरिकसन १९९४ साली, नव्वदी ओलांडून वारले. त्यांच्या पत्नी जोन यांनी १९९७ साली आठ टप्प्यांना नववा जोडला. ऐंशी-नव्वदीतील परावलंबन, गळून पडणारी शक्ती, पुन्हा डोके वर काढणारा अविश्वास यांची दखल पहिल्या आराखड्यात पुरेशी घेतली गेली नव्हती, हे स्वतः त्या वयात गेल्यावर त्यांना जाणवले. नकाशा काढणारा त्या प्रदेशात पोहोचल्यावर नकाशा अपुरा ठरला. आणि तो अपुरा असल्याचे त्यांनी मोकळेपणाने लिहिले, हे शास्त्राला भूषणावह आहे.

आतापर्यंत आम्ही ग्रंथांच्या बाजूने बोललो. न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शास्त्राच्या प्रकाशात आपल्या आत्मचरित्रांतील काही कोपरे रिकामे दिसतात. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ सत्यनिष्ठ आहे, साधे आहे. परंतु मनात काय कल्लोळ झाला हे ते क्वचितच सांगते. कृती दिसते, कर्त्याची घालमेल दिसत नाही. रमाबाई स्वतःचा राग पतीच्या थोरवीआड ठेवतात. वयात येण्याच्या काळातील शरीर व मन यांबद्दल आपले जुने आत्मचरित्रकार बहुधा मौन पाळतात, जणू माणूस बालपणातून थेट कर्तव्यातच उतरतो. लक्ष्मीबाई या मौनाला सर्वाधिक छेद देतात, म्हणूनच त्यांचे पुस्तक आजही कोवळे वाटते. चरित्रनायकाचे बालपण ‘मुलाचे पाय पाळण्यात’ या थाटाने लिहिण्याची खोडही आपल्याकडे जुनी आहे. शेवट ठाऊक असलेला लेखक आरंभातच त्याची चिन्हे पेरतो. आपल्या सयाजीराव महाराजांच्या चरित्रांतही हे होते. १८७५ साली, बाराव्या वर्षी, कवळाण्याहून एक खेड्यातला मुलगा दत्तक म्हणून बडोद्यास आला आणि त्याचे खरे शिक्षण त्यानंतर सुरू झाले. त्या वयात आरंभ करूनही तो एवढा बहुश्रुत राज्यकर्ता झाला, ही गोष्ट खरे म्हणजे माणसाच्या घडणक्षमतेची आहे. तिला दैवी चिन्हांची पुस्ती जोडण्याचे कारण नाही.

मंडळाच्या वाचकांपुढे हे सारे मांडण्यामागे थोडा स्वार्थ आहे. आपल्या बैठकांतून ‘मंडळ म्हातारे झाले’ हे वाक्य अलीकडे वारंवार ऐकू येते. ते बोलणारे तरुण नसतात, आपणच असतो. ग्रंथालयात येणारे कमी झाले, नातवंडांना मराठी कळते पण वाचता येत नाही, ही तूट खरी आहे. तिच्यावर पांघरूण घालू नये. पण टेकडीचा आराखडा सोडून बाल्टेसच्या हिशेबाने पाहिले, तर पुढील पाऊल दिसते. सर्वच उपक्रम रेटीत बसण्यापेक्षा थोडे निवडावे. जे निवडले ते नीट करावे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. ‘स्मृतिचित्रे’ हे तर मोठ्याने वाचावयाचेच पुस्तक आहे. तीन पिढ्या एका चटईवर बसून हसतील, असे गद्य आपल्यापाशी आहे. कर्व्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ काढले. आपणांस आठवड्यातून एक तास वाचन करता येऊ नये काय?

आता राहिलेली गोष्ट. नोकरीच्या आरंभीच्या काळात, एका आडवळणाच्या तालुक्यात, निराधार वृद्धांच्या साहाय्याचे अर्ज तपासण्याचे काम आमच्याकडे होते. वयाची अट साठ वर्षांची. एक शेतमजूर बाई आली. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही. वय विचारले तर तिने सांगितले, की बडोदे राज्य विलीन झाले तेव्हा तिचे तिसरे मूल रांगत होते. आम्ही पुन्हा आकडा विचारला. तिने पुन्हा तेच सांगितले, आणि सासू कोणत्या दुष्काळात वारली तेही सांगितले. आम्ही वर पाहिले. केस काळे होते, पाठ ताठ होती. आम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘वय साठीहून कमी दिसते.’ अर्ज नामंजूर झाला. काही महिन्यांत आमची बदली झाली, आणि ती बाई पुढे पुन्हा आली की नाही हे आम्हांस कधी कळले नाही.

विलीनीकरण १ मे १९४९ रोजी झाले. तिसरे मूल तेव्हा रांगत असेल, तर हिशेब करण्यास पाटी-पेन्सिलीचीही गरज नव्हती. तिने आम्हांस तारीख दिली नाही, तारखेहून भरवशाची वस्तू दिली होती. तिने आपले आयुष्य इतरांच्या आयुष्यांत आणि काळाच्या घटनांत गुंतवून आमच्यापुढे ठेवले होते. जे एल्डरने पुढे शास्त्र म्हणून मांडले, ते ती मेजापलीकडे उभी राहून बोलत होती, आणि आम्ही साताऱ्याच्या समितीप्रमाणे तिच्या केसांकडे पाहत होतो. ‘आत्मवृत्त’ आम्ही तोवर वाचलेले होते, हे अधिक लाजिरवाणे.

संकल्पनांचा उपयोग काय, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगू, की त्या आपणांस ऐकावयास शिकवितात. टप्पे, घड्याळ, गुंतागुंत, मिळकत आणि तूट या शब्दांनी कोणाचेही आयुष्य पुरते मोजले जात नाही. परंतु समोरचा माणूस आकड्याऐवजी आयुष्य सांगू लागला, तर लेखणी खाली ठेवून ते ऐकावे, इतके शहाणपण त्यांतून येऊ शकते. आम्हांस ते पासष्टीत आले. नाठी नव्हे, तर उशिरा आलेली बुद्धी, असे त्यास म्हणावे.